सुवर्णकमळ दिल्लीत, प्रेक्षक काचीगुड्यात

१९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले आणि पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ने पटकावले. दुसऱ्या वर्षी मराठीचे रौप्यपदक अत्र्यांच्याच 'महात्मा फुले'ला गेले. पण तो सर्वोच्च मान मराठीला पुन्हा मिळायला २००४ साल उजाडावे लागले, 'श्वास' आला. त्यानंतर 'देऊळ' (२०१२, 'ब्यारी'सोबत विभागून), 'कोर्ट' (२०१५), 'कासव' (२०१७). ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१व्या पुरस्कारांत मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तो सुजय डहाके यांचा नवा 'श्यामची आई'. बातमी वाचून आमचाही ऊर भरून आला.

पण हैदराबादेतल्या किती मराठी घरांनी हा चित्रपट थिएटरात पाहिला? वाचकांनी प्रामाणिकपणे सांगावे.

हे पुरस्कार सरकारी पैशातून दिले जातात, आणि ते योग्यच आहे. बाजार ज्याला उभे करत नाही अशा चित्रपटाला आधार देणे हे सरकारचे कामच आहे. 'बाहुबली'लाही २०१६ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले, तेलुगूचा तो पहिलाच सर्वोच्च मान. आपल्या शहराला अभिमान वाटला. पण 'बाहुबली'चे त्यावाचून काही अडले नसते. 'श्वास'चे अडले असते. डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी गमावणाऱ्या नातवाची आणि आजोबांची ती गोष्ट पुरस्कारानंतर घरोघरी पोहोचली, ऑस्करसाठी लोकांनी वर्गणी काढली. गारो, ताई फाके अशा छोट्या भाषांनाही यंदा याच यादीत जागा मिळाली, ही मोठी गोष्ट आहे.

तरी रजतकमळ आणि दोन लाखांचा धनादेश निर्मात्याच्या हाती पडला की सरकारचे खाते बंद! एके काळी दूरदर्शनवर रविवारी दुपारी पुरस्कारप्राप्त प्रादेशिक चित्रपट लागत. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आमच्या पिढीने मराठी चित्रपट तिथेच पाहिला. शेजारचे तेलुगू कुटुंबही खालच्या इंग्रजी ओळी वाचत आमच्यासोबत बसायचे. ती वेळ गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही. मोबाइलवर आहे की, असे तरुण म्हणतील. असेल, पण आजी-आजोबांसह अख्खे कुटुंब मोबाइलसमोर बसत नाही.

श्याम बेनेगल आपल्याच सिकंदराबादचे. १९७४ च्या त्यांच्या 'अंकुर'ची दखनी बोली देशाला कळली, त्यात राष्ट्रीय पुरस्कारांचा वाटा होताच.

म्हणून आमची मागणी आहे: प्रत्येक भाषेतील विजेता चित्रपट दूरदर्शनने ठरलेल्या दिवशी दाखवावा, आणि राज्यांच्या राजधान्यांत अल्पदरात त्याचे खेळ व्हावेत. माहिती व प्रसारण मंत्रालयाला आणि आपल्या खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. महिनाअखेरपर्यंत सह्या हव्यात. मतांच्या हंगामात मराठी भाषकांची आठवण काढणाऱ्या सर्वपक्षीय मंडळींनाही त्याची प्रत जाईल.