नट एक, चेहरे किती!

चिंताकीकडची आपली पोरं कन्नड शाळेत शिकतात. 'लगे रहो मुन्नाभाई'तले (2006) गांधीजी त्यांना ठाऊक, पण ते आपले दिलीप प्रभावळकर हे ठाऊक नसतं. 'झपाटलेला'तला (1993) तात्या विंचूही तेच म्हटलं, तर पोरं हसतात, "काहीतरीच काका!"

घरातल्या थोरांना ते आठवतात दूरदर्शनवरचे चिमणराव म्हणून. चि. वि. जोशींचा तो भित्रा, भाबडा संसारी माणूस! रंगभूमीवर तर 'हसवाफसवी'त एका प्रयोगात सहा भूमिका, आणि नाटकही त्यांनीच लिहिलेलं. त्यातला थकलेला संगीत नट कृष्णराव हेरंबकर पाहताना हसू येतं आणि डोळेही भरतात.

मला स्वतःला सगळ्यांत मोठा वाटतो 'चौकट राजा'तला (1991) नंदू. वयाने वाढलेला, बुद्धीने लहानच राहिलेला. अशी भूमिका चटकन हास्यास्पद होते. इथे एकदाही होत नाही. राष्ट्रीय पुरस्कार मात्र गांधीजींच्या वेळी मिळाला, 'शेवरी'तल्या कामासह.

पोरांना मराठी वाचायला बसवलं की ती पळतात. म्हणून या दिवाळीत पुस्तक बाजूला ठेवून आधी 'चौकट राजा' लावणार आहे. नंदू कोण, ते सिनेमा संपल्यावर सांगेन.