खर्ड्याची लाज कोणाला?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या वणीत कापसाच्या अडत्याकडे जा, नाहीतर कोळसाखाणीच्या वसाहतीत जा; चौरंगावर बहुधा तीच लक्ष्मी दिसेल. कमळावर उभी, चार हातांची, साडी नेसलेली. हे रूप घरोघर रुजवण्यात राजा रविवर्म्याचा वाटा मोठा. १८९४ साली त्याने मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यातले देव गरिबाच्या भिंतीवर आले. पण ते चित्र घडले कसे, हे आपण कधी विचारीत नाही. माझे भांडण आहे ते या बेफिकिरीशी.

एकोणिसाव्या शतकातला अकादमीच्या शिस्तीत वाढलेला चित्रकार मोठ्या कॅनव्हासला एकदम हात घालीत नसे. आधी पेन्सिलीची रेखाटने, मग तेलरंगातला छोटा खर्डा. उजेड कोठून यावा, तांबडा किती असावा, पाहणाऱ्याची नजर देवाकडे कशी वळावी, हे सारे तिथे ठरे. पॅरिसच्या नगरपालिकेने चर्चमधील चित्रांसाठी चित्रकारांकडून असे खर्डे घेतले, आणि त्यांतले पुष्कळ आज तिच्याच ‘पती पॅले’ संग्रहालयात जपलेले आहेत. दलाक्र्वाने सँ-स्युल्पीस चर्चमधले एक दालन १८४९ मध्ये हाती घेतले, ते १८६१ मध्ये पुरे झाले. मोठ्या भिंतीवर मदतनिसांचेही हात फिरले. चित्रकाराचा स्वतःचा हात पाहायचा, तर खर्ड्यासारखा साक्षीदार नाही.

आपल्याकडे तर ही साक्ष अधिकच मोलाची. रविवर्म्याला धाकट्या भावाची, राजराजवर्म्याची मदत असे. छापखान्यात एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि त्यावर काम कारागिराचे. म्हणजे आपल्या चौरंगावरची लक्ष्मी मूळ कुंचल्यापासून किती हातांनी दूर आली, ते मोजा!

यावर काही सज्जन म्हणतात, “देवाचे अर्धवट चित्र लोकांना दाखवू नये, श्रद्धेला धक्का बसतो.” त्यांनी एकदा पेणला जावे. तिथे बिनडोळ्यांचे, बिनरंगाचे गणपती रांगेने वाळत असतात. पोरेसोरे ते पाहतात, आणि चतुर्थीला त्याच मूर्तीपुढे हात जोडतात. कोणाची श्रद्धा उडाली? उलट, मातीला किती कष्टांनी देवपण आले, हे पाहिलेल्याचा हात अधिक मनापासून जोडला जातो.

दुसरे म्हणतात, “कच्चे ते कच्चेच, पक्के दाखवा.” या विचारानेच आपण मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसवतो. चुकलेली रेघ खोडा, कागद स्वच्छ द्या! मग मुलाला वाटते, मोठा चित्रकार पहिल्याच फटक्यात अचूक काढतो. आपला हात अडखळतो, म्हणून ते कुंचला ठेवून देते. सयाजीराव महाराजांच्या चौदा पौराणिक चित्रांसाठी रविवर्मा भावासह उत्तर हिंदुस्थान फिरला. देवादिकांना वेश कोणता द्यावा, याचाच त्याला शोध होता. एवढा मोठा माणूसही चाचपडत होता, हे त्या मुलाला कोण सांगणार?

म्हणून मागणी साधी आहे. संग्रहालयांनी पुऱ्या चित्राशेजारी त्याचा खर्डा टांगावा. आणि ज्यांच्या घरी कोणी जुना चित्रकार, ड्रॉइंग मास्तर होऊन गेला, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या गुंडाळ्या रद्दीवाल्याला देण्यापूर्वी उलगडून पाहाव्यात. मागे नाव-साल लिहावे, ओल लागू देऊ नये, जाणत्याला दाखवावे. रद्दीचे चार पैसे येतील. खर्डा गेला की परत यायचा नाही.