पद्मिनीचे पॉइंट आणि इतिहासाची निष्ठा

१/ कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये ‘पॉइंट’ असतात. ते उघडताच कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज निर्माण होऊन प्लगवर ठिणगी पडते. ही पद्धत अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांची. १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅकमध्ये आली.

२/ चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते, तेव्हा पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. साहजिकच ते झिजतात आणि टायमिंग बिघडते.

३/ म्हणून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे हा इतिहासद्रोह नव्हे. कायमची बंद पडलेली गाडी निव्वळ शोभेची वस्तू ठरते. द्रोह आहे तो काढलेले पॉइंट भंगारात टाकण्यात. ते डिकीत जपावेत. फीलर गेजने त्यांची फट जुळवण्याचे कौशल्यही इतिहासच आहे, आणि पॉइंटच उरले नाहीत तर ते शिकणार कशावर?