विश्लेषण : ‘व्हिन्यो व्हेर्द’ म्हणजे केवळ स्वस्त, हलकी वाइन?

पोर्तुगालची ‘व्हिन्यो व्हेर्द’ ही पांढरी वाइन जगभर विकली जाते ती उन्हाळ्यातली थंडगार, किंचित फसफसणारी आणि खिशाला परवडणारी वाइन म्हणून. या लोकप्रियतेनेच तिचे नुकसान केले आहे. याच नावाखाली पोर्तुगालमधल्या काही उत्तम पांढऱ्या वाइन तयार होतात, पण स्वस्ताईच्या शिक्क्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

नावात ‘हिरवा’ कशासाठी?

‘व्हेर्द’ म्हणजे हिरवा. तो वाइनचा रंग नव्हे. लाल आणि गुलाबी व्हिन्यो व्हेर्दही असते. वाइन ताजी, कोवळी असतानाच पिण्याची जुनी रीत आणि वायव्य पोर्तुगालचा हिरवागार मुलूख, असे दोन अर्थ या नावाला जोडले जातात. मिन्यो नदीपासून दक्षिणेकडे पसरलेल्या या प्रदेशाची सीमा १९०८ मध्ये आखली गेली. अटलांटिककडून येणारा भरपूर पाऊस, ग्रॅनाइटची जमीन आणि लहान लहान शेते ही त्याची ओळख. जमीन थोडी असल्याने शेतकरी वेली झाडांवर किंवा उंच मांडवावर चढवत आणि खाली मका, भाजीपाला घेत.

बुडबुडे कुठून येतात?

पूर्वी बाटलीत भरल्यानंतरही वाइनमध्ये जिवाणूंची प्रक्रिया चालू राहायची आणि त्यातून थोडा वायू तयार व्हायचा. ग्राहकांना ती चुणचुण आवडली. आता स्वस्त बाटल्यांमध्ये बहुधा कार्बन डायऑक्साइड वरून मिसळला जातो. त्यात फसवणूक नाही, पण ती चुणचुण म्हणजेच व्हिन्यो व्हेर्द असे मानणे चूक आहे. अनेक चांगल्या बाटल्यांमध्ये बुडबुडे जवळपास नसतातच.

मग खरा फरक कशात?

द्राक्षात आणि जागेत. लोरेयरो हे सुगंधी, फुलांची आठवण देणारे द्राक्ष लिमा नदीच्या खोऱ्यात खुलते. अरिंतो आंबटपणा आणि धार देते. अल्व्हारिन्यो हे जाड सालीचे द्राक्ष मात्र स्पेनच्या सीमेलगतच्या मोन्साँव-मेलगासो या उपप्रदेशात बहरते. डोंगरांमुळे इथे समुद्री वाऱ्याचा मारा कमी आणि उन्हाळा जास्त उबदार. त्यामुळे वाइन भरदार होते, पीच आणि संत्र्याच्या सालीचा गंध येतो आणि ती काही वर्षे ठेवली तरी सुधारते. नदीपलीकडे स्पेनमध्ये हेच द्राक्ष ‘अल्बारिन्यो’ म्हणून मिरवते.

वाद काय आहे?

‘व्हिन्यो व्हेर्द अल्व्हारिन्यो’ असे लेबलवर लिहिण्याचा मान पूर्वी मोन्साँव-मेलगासोपुरताच होता. २०१५ मधील समझोत्यानंतर तो टप्प्याटप्प्याने संपूर्ण प्रदेशाला खुला झाला. इतर शेतकऱ्यांना संधी मिळणे न्याय्यच. पण द्राक्षाचे नाव सर्वत्र दिसू लागले, तर जागेची ओळख पुसट होण्याची भीतीही रास्त आहे. अशा वेळी उपप्रदेशाचे नाव ठळक छापणे हाच छोट्या उत्पादकांसाठी टिकाऊ मार्ग ठरतो. चांगला भाव मिळाला, तरच ग्रॅनाइटच्या त्या तुकड्यांवर पुढची पिढी वेली राखील.

सोबत काय खावे?

हलकी, कमी अल्कोहोलची बाटली भाजलेली सार्डिन, शिंपले किंवा साध्या कोशिंबिरीसोबत जमते. तिचा आंबटपणा मासळीवर पिळलेल्या लिंबाचे काम करतो. भरदार अल्व्हारिन्यो बाकालाव म्हणजे खारवलेला कॉड मासा, ऑक्टोपस, अगदी भाजलेले करडूही पेलते. खारट आणि तेलकट पदार्थांना आंबट वाइन उठाव देते, हे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे. पोर्तुगिजांचा साडेचारशे वर्षांचा सहवास लाभलेल्या गोव्यातही तेच लागू पडते. रवा लावून तळलेल्या मासळीसोबत कुठलीही ताजी बाटली चालेल. रेशाद मसाल्याच्या झणझणीत बांगड्यासोबत मात्र कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर बाटली बरी, कारण अल्कोहोल वाढले की मिरचीचा जाळही वाढतो.

निवड कशी करावी?

लेबलवर द्राक्ष, उपप्रदेश आणि वर्ष पाहावे. यांपैकी काहीच नसेल तर ती बाटली गार करून लगेच संपवण्याची. ‘मोन्साँव-मेलगासो’ लिहिलेले असेल तर थोडे जास्त पैसे मोजावेत आणि ती फार गार करू नये. अतिथंड वाइनचा गंध दबतो. स्वस्त बाटलीचा आनंद खराच आहे. फक्त तिच्यावरून संपूर्ण प्रदेशाची किंमत ठरवणे अन्यायाचे आहे.