गाडी तापते, ऊस वाळतो

सभासद बंधूंनो, तुटलेला ऊस थांबत नाही. त्याचे वजन घटते, साखर उतरते. आणि आपल्याला पैसे मिळतात ते काट्यावरच्या वजनाचे. म्हणून वाटेत ट्रक उकळून उभा राहिला, तर नुकसान एकट्या गाडीवाल्याचे नाही.

रेडिएटरच्या जाळीत बाहेरून पाचट नि धूळ बसते, आतून जड पाण्याचा क्षार धरतो. ड्रायव्हर सापडेल ते पाणी ओततो. साखर घेऊन मुंबईत जुहूकडे गेला, तर समुद्रकाठचे मचूळ. इकडे आला, तर खारवटलेल्या रानातल्या विहिरीचे. दोन्हींनी धातू गंजतो. मग कोणी थर्मोस्टॅटच काढून टाकतो. त्याने मूळ दुखणे जात नाही. एरवी मात्र इंजिन नको तितके गार राहते, झिजते आणि डिझेल जास्त खाते.

आमचे स्पष्ट मत आहे की, हंगामापूर्वी कारखान्याने प्रत्येक गाडीचा रेडिएटर तपासावा. यार्डात कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी ठेवावे, जाळी झाडायला हवेचा पाइप द्यावा. खर्च कोणी करायचा, असे कोणी विचारील. वाळलेल्या उसाची तूट आज कोण सोसतो, ते आधी विचारा.