मान्यता की ओळख?

परवा कर्जत लोकलमध्ये भाचीनं विचारलं, "मामा, 'रेकग्नाइज'ला मराठीत काय म्हणायचं?" मी सहज म्हणालो, "मान्यता देणे." नेरळ यायच्या आत माझं मलाच ते खटकायला लागलं.

या क्रियापदाचे अर्थ दोन. शाळेला 'रेकग्नाइज' करतात तेव्हा तिला आधी नसलेला दर्जा मिळतो. ही झाली मान्यता. पण गर्दीत जुना मित्र 'रेकग्नाइज' होतो तेव्हा आपण त्याला काहीच देत नाही. तो तिथे होताच, आपल्याला उशिरा दिसला. ही ओळख.

आता 2006 चा वनहक्क कायदा घ्या. इंग्रजी नावात 'रेकग्निशन', मराठीत 'वनहक्कांची मान्यता'. माझं भांडण इथे आहे. हा कायदा प्रस्तावनेतच कबूल करतो की पिढ्यान् पिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे हक्क आधी नीट ओळखलेच गेले नाहीत आणि तो ऐतिहासिक अन्याय होता. म्हणजे हक्क होतेच. चुकलं ते सरकारचं. कोणी म्हणेल, कायदा हक्क प्रदानही करतो. करतो ना, पण आधी ओळखतो!

आमच्या कर्जत-खालापूरचे ठाकर आणि कातकरी काही काल उगवलेले नाहीत. कातकऱ्यांचं तर नावच खैराचा कात काढण्यावरून पडलंय. नियमांमध्ये पुरावा म्हणून घरं, शेताचे बांध, दफनभूमी आणि म्हाताऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा चालतो. मित्राला चेहऱ्यावरून ओळखावं, तसंच हे. आणि आपण कार्यक्रमाच्या बॅनरवर काय लिहितो? 'वनपट्टे वाटप'! वाटप रेशनचं होतं, साड्यांचं होतं. ज्याचं त्याला दिलं, त्याला वाटप कसं म्हणायचं?

शब्दांनी काय फरक पडतो, असं म्हणणारे भेटतात. पडतो. 'मान्यता' म्हटलं की माणूस अर्जदार होतो, हात जोडून उभा राहतो. 'ओळख' म्हटलं की उशीर का झाला, हे सरकारला सांगावं लागतं.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनेच सांगितलं. वाडी डोंगरावर होती, यादीत नव्हती. मग बातम्यांत रोज यायचं, 'मृतांची ओळख पटवण्याचं काम सुरू'. आदिवासीच्या बाबतीत हा साधा मराठी शब्द आपल्याला तेव्हाच का आठवावा?

असो. भाचीला फोन करून उत्तर दुरुस्त केलं. शाळेला मान्यता द्यावी, माणसाला ओळखावं. तेही जिवंतपणी.