मेला की वारला?

मराठीत माणूस वारतो आणि जनावर मरते. हा नियम मी कोणत्याही व्याकरणात वाचलेला नाही, तरी शेंबडे पोरसुद्धा त्यात चुकत नाही. म्हणूनच बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका खेड्यातल्या मुलाने निबंधात ‘आमचा सर्जा त्या पावसाळ्यात वारला’ असे लिहिले, तेव्हा मी तांबड्या शाईने ‘वारला’ खोडून ‘मेला’ केले आणि दोन गुण कापले. सर्जा बैल होता. मुलगा काही बोलला नाही. वही घेऊन गेला.

हे आठवायचे कारण जेन गुडॉल. १ ऑक्टोबर २०२५ रोजी, ९१ वर्षांच्या होऊन, त्या गेल्या आणि आमच्या कन्येने त्यांची दोन पुस्तके माझ्या पुढ्यात आणून टाकली. म्हटले, चाळून ठेवून देऊ. रात्री दीड वाजता सौभाग्यवतींनी दिवा मालवला तेव्हा कोठे सुटलो!

वय २६, पदवी नाही. नैरोबीत लुई लीकी यांच्याकडे चिटणिशी करणाऱ्या या बाई. लीकींनी त्यांना जुलै १९६० मध्ये टांगानिका सरोवराकाठच्या गोंबेच्या रानात धाडले. एकट्या मुलीला इंग्रज अधिकारी जाऊ देईनात, म्हणून सोबतीला आई! चिंपांझी पाहावेत तो ते पळ काढीत. अखेर पांढऱ्या हनुवटीचा एक जण धीट झाला. बाईंनी त्याचे नाव ठेवले डेव्हिड ग्रेबियर्ड. नोव्हेंबरात तो वारुळाच्या भोकात गवताची काडी खुपसून तिला चिकटलेली वाळवी ओठांनी टिपताना दिसला. पुढे तर डहाळीची पाने ओरबाडून हत्यार बनवितानाही चिंपांझी सापडले. हत्यार घडवितो तो माणूस, ही व्याख्या तिथेच मोडली.

माझे मन मात्र भलतीकडेच अडकले. बाईंचा पहिला शोधनिबंध परत आला तो दुरुस्त होऊन: चिंपांझींना वापरलेले ‘तो’ आणि ‘ती’ खोडून संपादकांनी सगळीकडे ‘ते’ केले होते. बाईंनी ते पुन्हा खोडले आणि मूळचे लिहिले. (मी असतो तर? नको, विचारूच नका.) केंब्रिजच्या पंडितांनीही बजावले, नावे कसली देता, आकडे द्या, लळा लागला की नजर फिरते.

तशी नजर फिरली नाही. १९७४ ते १९७८ या काळात एका टोळीच्या नरांनी, पूर्वी आपल्यातूनच फुटून निघालेल्या टोळीचे नर एकेक करून गाठून मारले. बाईंनी ते लपविले नाही. कोणी कोणाला मारले हे सांगता आले, तेही प्रत्येकाची ओळख होती म्हणूनच.

आणि फ्लो! ही म्हातारी १९७२ साली ओढ्याकाठी गेली, तेव्हा लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने तिचा मृत्युलेख छापला. तिचा आठ वर्षांचा फ्लिंट खाईना, कोणात मिसळेना. महिनाही उलटला नाही तोच, आई जिथे पडली होती तिथे जवळच तोही...

इथे मी पुस्तक मिटले.

पुढे बाईंनी विमानातून गोंबे पाहिले, तेव्हा भोवतालच्या टेकड्या उघड्याबोडक्या झाल्या होत्या. आधी भोवतालच्या गावांचे पोट भरल्याशिवाय रान राहत नाही, हे ओळखून १९९४ पासून त्यांच्या संस्थेने गावकऱ्यांबरोबर काम सुरू केले.

त्या मुलाचा पत्ता कार्यालयातल्या जुन्या रजिस्टरात सापडला. पत्र लिहायला घेतले आहे. त्या दोन गुणांचे आता काय करावे, ते मात्र सुचत नाही.